गडकऱ्यांचे दोन आवाज आणि ‘एकच प्याला’

राम गणेश गडकरी यांच्या वाङ्मयाविषयी लिहिताना मराठी समीक्षेने एक सोयीची वाटणी पूर्वीपासून स्वीकारलेली आहे. कविता गोविंदाग्रजांची, विनोद बाळकरामांचा आणि नाटके गडकऱ्यांची, असे तीन कप्पे पाडून त्यांचा स्वतंत्र विचार केला जातो. ही वाटणी स्वतः लेखकानेच टोपणनावे घेऊन करून ठेवली असल्याने ती मोडावी असे फारसे कोणाला वाटलेले नाही. पदव्युत्तर वर्गातही कवितेच्या अभ्यासपत्रिकेत एक गडकरी भेटतात, नाटकाच्या अभ्यासपत्रिकेत दुसरे. परंतु ज्या नाटकावर त्यांची नाटककार म्हणून कीर्ती मुख्यतः उभी आहे, त्या ‘एकच प्याला’त हे कप्पे टिकत नाहीत. गोविंदाग्रज आणि बाळकराम या नाटकात समोरासमोर उभे राहतात; आणि सुधाकराचा नाश नेमका कशाने झाला, या प्रश्नाचे उत्तर त्या सामन्यात दडलेले आहे. गडकऱ्यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. नाटकातील पात्रांची मूळ माणसे चरित्रात शोधण्याचा उद्योग येथे अभिप्रेत नाही. तो पुष्कळ झाला आहे आणि त्यातून हाती फारसे लागलेले नाही.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी नवसारी येथे झाला. नवसारी त्या वेळी बडोदे संस्थानात होते. घराणे मूळचे कर्जतकडचे, चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचे. पण रामचे बालपण गुजरातेत गेले आणि त्याच्या कानावर पहिल्यापासून गुजराती पडत राहिली. मराठीशी त्याचा रीतसर संबंध तुलनेने उशिरा आला. पुढे मराठी गद्यात अनुप्रास, श्लेष आणि कल्पनांची आतषबाजी यांचा ज्याने कळस केला, त्या लेखकाची ही सुरुवात लक्षात ठेवण्याजोगी आहे. गडकऱ्यांच्या गद्यात शब्दाकडे थोडे दुरून, कुतूहलाने पाहण्याची सवय सतत जाणवते. शब्द हातात घ्यावा, उलटसुलट करून पाहावा, त्यातून दुसराच अर्थ काढून दाखवावा, ही वृत्ती उशिरा कमावलेल्या भाषेची असू शकेल, असा तर्क करण्यास जागा आहे. तो तर्कच आहे, त्याहून अधिक त्याला मानू नये.

वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. कुटुंबाची ओढाताण सुरू झाली, आणि पुढचे शिक्षण पुण्यात, पडेल ते सोसून झाले. मॅट्रिक होईतो राम एकोणीस वर्षांचा झाला होता. फर्ग्युसन महाविद्यालयात नाव घातले खरे, पण पहिल्या वर्षाच्या पुढे मजल गेली नाही. वाचन मात्र महाविद्यालयाच्या हिशेबाने चालणारे नव्हते. संस्कृत आणि इंग्रजी नाटके, विशेषतः शेक्सपिअर, त्यांनी आपल्या पद्धतीने पचविला होता. पदवी हीच ज्या काळात सुशिक्षितपणाची मोहोर होती, त्या काळात विद्वत्ता असून मोहोर नसलेल्या या तरुणाने पोटासाठी नाटक मंडळीची वाट धरली. किर्लोस्कर नाटक मंडळीत बालनटांना शिकविण्याचे काम त्यांना मिळाले. पुढे त्यांनी काही काळ शाळेत शिक्षक म्हणून आणि ‘ज्ञानप्रकाश’ पत्रात लेखक म्हणूनही काम केले, पण मन रंगभूमीपासून हलले नाही.

त्या काळातील नाटक मंडळीचे समाजातील स्थान विसरून गडकऱ्यांचे चरित्र कळणार नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यापासून संगीत नाटकाला पांढरपेशा वर्गाचा आश्रय मिळाला होता. रात्री त्याच नटांवर टाळ्यांचा वर्षाव होई. तरीही नाटकवाला हा शब्द दिवसाउजेडी कौतुकाने उच्चारला जात नव्हता. वकील, प्राध्यापक, मामलेदार ही त्या समाजाची मानाची पदे. नाटक मंडळीत मुलांना धडे देणारा, महाविद्यालय सोडून आलेला तरुण या शिडीच्या पायरीवरसुद्धा नव्हता. गडकरी स्वभावाने अत्यंत मानी आणि संकोची होते, याविषयी त्यांच्या सहवासातील सर्वांचे एकमत आहे. मानी माणसाला आपली योग्यता ठाऊक असावी आणि ती जगाला पटविण्याचे साधन मात्र हाती नसावे, ही अवस्था त्यांनी वर्षानुवर्षे भोगली. सुधाकराकडे येताना याची आठवण ठेवावी लागेल.

याच मंडळीच्या निमित्ताने श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्याशी त्यांचा संबंध आला. कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करीत आणि किर्लोस्कर मंडळीसाठी नाटके लिहीत. गडकऱ्यांनी त्यांना गुरू मानले आणि ते नाते अखेरपर्यंत पाळले. गुरूकडून त्यांनी घेतले ते मुख्यतः कोटीबाज संवाद आणि सामाजिक रूढींचा उपहास. कोल्हटकरांचा विनोद बुद्धीचा. तो वाचकाला हसवितो, पण जवळ येऊ देत नाही. गडकऱ्यांनी त्यात ऊब आणली, आणि क्वचित अतिरेकही आणला. कवितेत मात्र त्यांचे गुरुस्थान निराळे होते. केशवसुत १९०५ मध्ये निवर्तले होते. गडकरी स्वतःला त्यांचा चेला म्हणवीत. एका गुरूकडून तर्काचा खेळ आणि दुसऱ्याकडून भावनेचा आवेग, अशी ही दुहेरी दीक्षा होती.

मासिकांतून, विशेषतः काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजना’तून, गोविंदाग्रजांच्या कविता गाजू लागल्या. प्रेम आणि मृत्यू हे त्या कवितेचे दोन ध्रुव. ‘राजहंस माझा निजला’ या कवितेतील आई आपले मूल मेले आहे हे मान्यच करीत नाही. सारे जग सांगते आहे आणि ती एकटी ते नाकारते आहे. जे समोर उघड आहे ते प्रेमापोटी न पाहणे, हा गोविंदाग्रजांचा खास विषय आहे. दुसरीकडे बाळकराम या नावाने लिहिलेले विनोदी लेख आहेत. त्यांत ठकीच्या लग्नाची मोहीम आहे, कवी तयार करण्याचा कारखाना आहे. या लेखांतील हास्याचे यंत्र अगदी एका पद्धतीचे आहे. एखादा विपरीत सिद्धान्त घ्यावयाचा, आणि मग शास्त्रीपंडिताच्या गांभीर्याने, पूर्वपक्ष-उत्तरपक्ष करीत, दाखले देत तो टोकापर्यंत सिद्ध करून दाखवावयाचा. वाचक हसतो, कारण प्रत्येक पायरी त्याला बिनचूक वाटते आणि शेवटी तो पोचलेला असतो मात्र भलत्याच ठिकाणी. हे यंत्र पुढे आपल्याला आणखी एका ठिकाणी भेटणार आहे.

नाटककार म्हणून त्यांची वाटचाल अडखळतच सुरू झाली. ‘गर्वनिर्वाण’ अपुरेच राहिले. १९१२ मध्ये ‘प्रेमसंन्यास’ आले. विधवांचा प्रश्न हा त्याचा विषय, शेवट शोकपर्यवसायी. पण विसराळू गोकुळाचा विनोद आणि कमलाकराचे कारस्थान यांची मोट कथानकाशी नीट बांधली गेलेली नाही. प्रेक्षक एका प्रवेशात हसतो, दुसऱ्यात रडतो आणि दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, हे त्याला कळत नाही. दोन्ही टोपणनावे एका छपराखाली राहावयास आली आहेत, पण त्यांचे बोलणे अद्याप सुरू झालेले नाही.

‘पुण्यप्रभाव’ किर्लोस्कर मंडळीने १९१६ मध्ये रंगभूमीवर आणले. त्यातील वसुंधरेचे पातिव्रत्य वृंदावनासारख्या खलपुरुषाचे मन पालटते. सद्गुणाला प्रत्यक्ष सामर्थ्य असते, तो समोरच्याला बदलतो, हा या नाटकाचा गाभा. त्यातील भाषेचे वैभव मान्य करूनही हे उत्तर सोपे आहे, असे म्हणावे लागते. येथे तारखांकडे पाहण्याजोगे आहे. ‘पुण्यप्रभाव’ रंगभूमीवर आले १९१६ मध्ये आणि ‘एकच प्याला’ लिहिले गेले १९१७ मध्ये. वर्षभराच्या आत गडकऱ्यांनी तीच पतिव्रता पुन्हा उभी केली, आणि या वेळी तिच्यासमोर खलपुरुष न ठेवता एक सज्जन, बुद्धिमान, तिच्यावर प्रेम करणारा नवरा ठेवला. वसुंधरेने दुष्टाला वाचविले. सिंधूला सज्जनाला वाचविता आले नाही. ‘एकच प्याला’ हे ‘पुण्यप्रभावा’ला खुद्द त्याच्या कर्त्याने दिलेले उत्तर आहे, हे मराठी समीक्षेने पुरेसे ठासून सांगितलेले नाही.

मद्यपानाचा विषय रंगभूमीला नवा नव्हता. खाडिलकरांच्या ‘विद्याहरणा’त (१९१३) शुक्राचार्यांचे मद्य हा कथानकाचा कणा होता. परंतु तेथे पौराणिक भव्यतेचे अंतर मध्ये आहे. गडकऱ्यांनी प्याला वकिलाच्या घरात आणून ठेवला. सुधाकर गरिबीतून स्वतःच्या बुद्धीवर वर आलेला, नावारूपास आलेला वकील. पत्नी सिंधू श्रीमंत माहेरची. मित्र रामलाल नाटकाच्या आरंभीच विलायतेला निघतो. म्हणजे ज्याचा उपदेश उपयोगी पडावयाचा तो माणूस आपत्ती येण्यापूर्वीच रंगमंचावरून दूर होतो. पुढे न्यायासनाशी खटका उडतो, सुधाकराची सनद काही महिन्यांसाठी रद्द होते. अपमानाने डोके पेटलेले, झोप नाही. आणि अशा वेळी कारकून तळीराम एकाच प्याल्याचा उपाय सुचवितो. पहिला अंक तेथे संपतो.

सुधाकर चैनीसाठी प्यालेला नाही, संगतीने बिघडलेला नाही, दुःख विसरण्यासाठी म्हणावे तर दुःखही तसे मोठे नाही. सहा-आठ महिन्यांत सनद परत मिळणारच होती. त्याला सोसत नाही तो अपमान. आणि अपमान त्यालाच सोसत नाही, ज्याने आपली जागा वारशाने न मिळविता बुद्धीच्या बळावर मिळविलेली असते, कारण तेवढे एकच त्याचे भांडवल असते. ज्याला प्रमाद म्हणून ग्रीक शोकात्मिकेच्या चर्चेत ओळखले जाते, तो सुधाकराच्या ठिकाणी दारूत नाही, तर या मानीपणात आहे. याला दुसरा पुरावाही नाटकातच आहे. मध्यंतरी सुधाकर दारू सोडतो. निर्धाराने सोडतो. मग तो कामाच्या शोधात जुन्या ओळखीच्या प्रतिष्ठितांची दारे ठोठावतो, आणि प्रत्येक दारातून नकार आणि हेटाळणी घेऊन परततो. तो प्याल्याकडे पुन्हा वळतो तो या दारांवरून. पहिला प्याला अपमानाने भरला गेला आणि शेवटचाही. दारूबंदीचे प्रचारनाटक म्हणून ‘एकच प्याला’ वाचणाऱ्यांनी हा दुसरा प्रवास लक्षात घेतलेला नाही. तेथे दारूने माणसाला धरलेले नाही, प्रतिष्ठित समाजाने त्याला दारूच्या हवाली केले आहे.

आता तळीराम. हा खलपुरुष म्हणावा तर त्याचा काही स्वार्थ नाही. सुधाकराची दौलत लुटावी, सिंधूवर डोळा ठेवावा, असे काहीही त्याच्या मनात नाही. त्याला हवा आहे तो केवळ सोबती. त्याच्या हातातील शस्त्र म्हणजे तर्क. आर्यमदिरामंडळाची स्थापना पाहावी. रीतसर सभा, उद्देश, ठराव; शास्त्री आणि खुदाबक्ष एका बैठकीत. ज्या समाजसुधारणेसाठी परिषदा भरवून काही साधले नाही ती येथे एका बाटलीने साधली आहे, असा त्या प्रवेशाचा उपहास आहे. दारूच्या बाजूने तळीराम एकेक मुद्दा मांडतो, दाखला देतो, प्रतिपक्षाचे खंडन करतो. प्रेक्षक हसतो, कारण प्रत्येक पायरी बिनचूक वाटते. हे बाळकरामाचे यंत्र आहे. तेच, एका स्क्रूचाही फरक नसलेले. गडकऱ्यांनी आपली सर्वांत लोकप्रिय देणगी, ज्या वाणीने सारा महाराष्ट्र हसविला ती वाणी, या नाटकात मृत्यूच्या दलालाच्या तोंडी घातली आहे.

हे अजाणता झाले असेल असे मानणे कठीण आहे. ‘प्रेमसंन्यासा’तला गोकुळ कथानकाबाहेर राहून हसवीत होता. तळीराम हसवीतच कथानक पुढे नेतो. तळीरामाच्या विनोदाला हसलेला प्रेक्षक अंक संपताना अस्वस्थ होतो, कारण सुधाकरही त्याच युक्तिवादाने पटविला गेला आणि आपणही टाळ्या वाजवीत त्याच्याबरोबर दोन पायऱ्या उतरलो, हे त्याच्या ध्यानात येते. पुढे तळीरामाच्या आजारपणाच्या प्रवेशात वैद्य आणि डॉक्टर यांची जुंपते. रोगी मरतो आहे आणि त्याच्या उशाशी शास्त्रार्थ चालला आहे. येथे यंत्राची चाके त्या यंत्राच्या मालकावरूनच फिरतात. विनोद येथे थांबत नाही, पण हसणे थांबते.

सुधाकर वकील आहे, ही गोष्टही गौण नाही. तोही युक्तिवादाचाच माणूस. रामलालाने दारू सोडण्याची विनवणी केल्यावर तो मद्यपीच्या अवस्थांचे जे विवेचन करतो ते एखाद्या कसलेल्या वकिलाने स्वतःविरुद्ध मांडलेल्या खटल्यासारखे आहे. आरंभीच्या अवस्थेत सुटका शक्य असते, पण तिची गरज वाटत नाही. अखेरच्या अवस्थेत गरज पटते, पण शक्ती उरलेली नसते. आणि या दोहोंच्या मधली वेळ केव्हा येऊन गेली हे कळतच नाही, असा त्याचा मथितार्थ. आजचे व्यसनविषयक वैद्यकशास्त्र हाती नसताना हे लिहिले गेले, याचे आश्चर्य वाटते. त्याहून महत्त्वाचे हे, की सुधाकराला सर्व कळते. अज्ञानामुळे नष्ट होणाऱ्या माणसाची कणव येते. पूर्ण ज्ञानाने, स्वतःचा नाश पायरीपायरीने समजावून सांगत नष्ट होणाऱ्या माणसाची भीती वाटते. शोकांतिका आणि शोकात्मिका हा भेद वर्गात शिकविताना या प्रवेशाइतके चांगले उदाहरण मराठीत दुसरे सापडणार नाही.

रामलाल हा लेखकाचा प्रवक्ता, असे सर्रास म्हटले जाते. तसे असेल तर लेखकाने आपल्या प्रवक्त्याला फारच दुबळे ठेवले, असे म्हणावे लागेल. त्याची लांबलचक भाषणे सुधाकराला वाचवीत नाहीत. उलट जिचे शिक्षण तो पाहतो त्या शरदविषयी, सुधाकराच्या बालविधवा बहिणीविषयी, त्याच्या स्वतःच्या मनात अभिलाषा जागी होते आणि भगीरथाच्या प्रेमासमोर त्याला स्वतःशी झगडावे लागते. उपदेशकही घसरू शकतो; फरक इतकाच की त्याचा प्याला निराळा आहे. हे उपकथानक पसरट झाले आहे, त्यातील संवाद आज कंटाळवाणे वाटतात आणि प्रयोगांत ते छाटले जाते त्याविषयी तक्रार करता येणार नाही. पण वाचकाने ते गाळू नये.

सिंधूकडे येऊ. तळीराम आणि सुधाकर यांच्या वाक्पटुत्वासमोर तिचे बोलणे साधे, थोडके आणि युक्तिवादाला पूर्णपणे परके आहे. भाऊ पद्माकर तिला माहेरी नेऊ पाहतो. ती जात नाही. दळण दळून ती संसार ओढते. हा गोविंदाग्रजांचा आवाज आहे. ‘राजहंस’मधील आईप्रमाणे सिंधूही जे उघड आहे ते प्रेमापोटी पाहत नाही. सुधाकराच्या हातून मूल मारले जाते आणि ती स्वतः घायाळ होते, त्यानंतर फौजदारासमोर ती नवऱ्याला वाचविण्यासाठी असत्य बोलते. आयुष्यभर सत्याला धरून राहिलेल्या स्त्रीचे हे एकमेव असत्य. तिच्या सोशिकतेवर अलीकडच्या स्त्रीवादी समीक्षेने घेतलेले आक्षेप योग्यच आहेत. मात्र आक्षेप घेताना गीतेला विसरून चालणार नाही. तळीरामाची ही बायको मार खाते, पण गप्प बसत नाही. नवरा, दारू, पुरुषजात यांच्याविषयी ती जे रोखठोक बोलते ते नाटकात कोणीही खोडून काढीत नाही. सिंधूच्या आदर्शाशेजारीच गीतेचे हे बोलणे ठेवणारा नाटककार आपल्या आदर्शाविषयी निःशंक होता, असे दिसत नाही. शिवाय नाटकाचा निकाल पाहावा. पुण्याचा प्रभाव पडत नाही. तर्काने माणूस बुडतो आणि प्रेमाने तो तरत नाही. अखेरीस सुधाकर आपल्या शेवटच्या प्याल्यात विष घेतो. बाळकराम आणि गोविंदाग्रज दोघेही येथे हरले आहेत.

हे नाटक लिहून झाले तेव्हा गडकऱ्यांच्या आयुष्याची दोन वर्षेही उरली नव्हती. क्षयाने शरीर पोखरले होते. १९१८ च्या मे महिन्यात बालकवी ठोमरे रेल्वेच्या अपघातात गेले. त्यांच्या पिढीतील कवितेचा दुसरा मोठा आवाज थांबला. हवापालटासाठी आणि आश्रयासाठी गडकरी नागपूरजवळ सावनेरला भावाकडे गेले. बिछान्यावरूनच ‘भावबंधन’ पुरे करण्याची धडपड चालू होती. ते नाटक पुरे झाले. २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. ‘राजसंन्यास’ आणि ‘वेड्यांचा बाजार’ अपुरी राहिली.

‘भावबंधना’चा उल्लेख येथे एका कारणासाठी आवश्यक आहे. त्यातील घनश्याम हा लतिकेने केलेल्या अपमानाने डिवचला जाऊन सूडाला प्रवृत्त होतो. म्हणजे लागोपाठच्या दोन नाटकांत गडकऱ्यांनी अपमानित माणूस केंद्रस्थानी ठेवला. एकाने विष स्वतःकडे वळविले, दुसऱ्याने जगाकडे. घनश्यामाला अखेर पश्चात्ताप होतो आणि नाटक सुखान्त होते. बळवंत संगीत मंडळीने ते रंगभूमीवर आणले; दीनानाथ मंगेशकरांची लतिका आणि चिंतामणराव कोल्हटकरांचा घनश्याम गाजले. मरणाच्या उंबरठ्यावरील लेखकाने क्षमेकडे वळावे, यात नवल नाही. तथापि ‘एकच प्याल्या’ची कठोर दृष्टी तेथे सैल झाली आहे, हेही तितकेच खरे.

गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरात, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. ज्या संस्थानात लेखक जन्मला त्याच्याच राजधानीत त्याचे नाटक प्रथम उभे राहिले, आणि ते पाहावयास तो नव्हता. सुधाकर गणपतराव बोडसांचा, सिंधू बालगंधर्वांची. दोघेही किर्लोस्कर मंडळीच्या दिवसांपासून गडकऱ्यांच्या ओळखीचे. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचलेली होती. भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेले बालगंधर्व जाड्याभरड्या, फाटक्या लुगड्यात रंगमंचावर आले आणि त्यांनी प्रेक्षकांना अक्षरशः रडविले. मात्र येथे एक स्थित्यंतर घडले, त्याची नोंद घेतली पाहिजे. पदे बहुतांशी सिंधूकडे गेली. नाटकाचा वेळ, त्याचे वन्समोअर, त्याचे स्मरण सिंधूभोवती गोळा झाले. सुधाकराच्या शोकात्मिकेचे सिंधूच्या करुणरसात रूपांतर झाले, आणि ते इतके यशस्वी झाले की पुढील कित्येक वर्षे ‘एकच प्याला’ म्हणजे सिंधूचे सोसणे, असेच समीकरण रूढ झाले. करुण हा आपल्या परंपरेला परिचित रस आहे. संस्कृत नाट्यपरंपरेने दुःखान्त टाळला तरी करुण टाळला नव्हता. ज्ञानाने नष्ट होणारा सुधाकर मात्र तिला परका होता. प्रेक्षकाने परिचित तेवढे उचलले, आणि गायनाने त्याला साहाय्य केले. यात बालगंधर्वांच्या कलेला दोष देण्याचे कारण नाही. संहिता आणि प्रयोग यांतील हे अंतर अभ्यासकाने ओळखावे, इतकेच.

विशेष म्हणजे संहितेवर लिहिणाऱ्यांनीही बहुधा प्रयोगाचीच सिंधू डोळ्यांसमोर ठेवलेली दिसते. वि. स. खांडेकरांनी १९३२ मध्ये गडकऱ्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आचार्य अत्रे आयुष्यभर स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवीत राहिले. त्यांच्या भक्तीमुळे गडकऱ्यांचे नाव तेजाळत राहिले, पण भक्तीत वाटणीचे कप्पेही पक्के झाले. गोविंदाग्रजांच्या कविता ‘वाग्वैजयंती’ या नावाने १९२१ मध्ये आणि विनोदी लेख ‘संपूर्ण बाळकराम’ या नावाने १९२५ मध्ये निघाले. दोन नावे, दोन पुस्तके, आणि दोहोंची गाठ जेथे पडली ते नाटक तिसऱ्या कपाटात.

लोकभाषेने मात्र स्वतःची निवड केली आहे. सुधाकर हे नाव कशाचेही प्रतीक झाले नाही. सिंधू हे सोशिक पत्नीचे उदाहरण म्हणून काही काळ चालले आणि मागे पडले. सामान्यनाम झाले ते तळीराम. मद्यपीला मराठीत तळीराम म्हणतात. वर्षअखेरीस पोलिसांनी पकडलेल्या मद्यधुंद वाहनचालकांच्या बातमीवर वृत्तपत्रे याच शब्दाचा मथळा देतात, आणि तो शब्द वापरणाऱ्या अनेकांनी नाटक वाचलेले नसते. शब्द उच्चारताना ते हसतात.